काउंटीची वेस आणि ‘गरजू’ या शब्दाचा अर्थ

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका भागातल्या अनेक दात्यांचे पैसे एकत्र ठेवून ते तिथल्याच कामांना वाटणारी संस्था. तिच्या कारभारावर बोलताना सामाजिक समतेचा मुद्दा हल्ली पहिल्याच पानावर असतो. पैसा कोणत्या वस्तीत पोचला, समितीत कोण बसलं, संस्थांना पगार-भाड्यासाठी पैसे मिळतात की फक्त प्रकल्पापुरते, हे सगळं विचारलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ही रचना जन्माला आली ती समतेच्या चिंतेतून नव्हे. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका बँकरला पडलेला प्रश्न फार रुक्ष होता: मेलेल्या माणसाचा शब्द किती काळ पाळायचा?

त्याच्यासमोर असे निधी होते ज्यांचा हेतूच विरून गेला होता. सेंट लुइसचं उदाहरण त्या काळी हटकून दिलं जाई. पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या वाटसरूंना मदत म्हणून १८५१ मध्ये तिथे मोठी मालमत्ता ठेवली गेली होती. पुढे रेल्वे आली, वाटसरूंचे तांडे थांबले, मालमत्तेची किंमत मात्र वाढत राहिली. क्लीव्हलँडच्या बँकरने काढलेला तोडगा असा: अनेकांचे निधी एकाच छत्राखाली ठेवायचे, गुंतवणूक बँकेने पाहायची, वाटप एका नागरी समितीने करायचं, आणि दात्याने सांगितलेलं काम निरर्थक झालं, तर हेतू बदलण्याचा अधिकार संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवायचा. पाच जणांच्या समितीत बँकेचे फक्त दोन. उरलेले तिघे महापौर आणि न्यायाधीश नेमणार. वस्तीतल्या कुणाची जागा त्यात नव्हती, आणि ती असावी असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसावं.

नंतरचा प्रसार झपाट्याने झाला. वर्षभरात शिकागो, बोस्टन, मिनिआपोलिस. १९२१ मध्ये कॅनडातलं विनिपेग. तिथली सुरुवात एका बँकरच्या एक लाख डॉलरने झाली. तिथली दुसरी देणगी मला जास्त बोलकी वाटते: १९२४ मध्ये आलेला एक लिफाफा, आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी, वर ‘विधवेची दमडी’ अशा अर्थाचे शब्द आणि देणाऱ्या बाईचं नाव नाही. एक लाख आणि पंधरा डॉलर एकाच खात्यात जमा होतात, हाच या रचनेचा मूळ दावा. १९६९ च्या अमेरिकी करकायद्याने खासगी फाउंडेशनांवर कडक बंधनं घातली आणि जनतेकडून पैसा उभा करणाऱ्या संस्थांना सवलतीचं स्थान दिलं. त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत कम्युनिटी फाउंडेशनांची संख्या भराभर वाढली. 

थांबायला हवं ते कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या खटल्यापाशी. समतेविषयीचे आजचे जवळपास सगळे वाद तिथे आधीच घालून झाले आहेत.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेकडची ही काउंटी देशातल्या सर्वांत सधन काउंट्यांपैकी एक. तिथल्या एका निपुत्रिक विधवेचं १९७५ मध्ये निधन झालं. मृत्युपत्रात तिने लिहिलं होतं की मालमत्ता मरिन काउंटीतल्या गरजूंच्या सेवेसाठी, तसंच त्याच काउंटीतल्या इतर धर्मादाय, धार्मिक आणि शैक्षणिक कामांसाठी वापरावी. वाटपाचं काम सान फ्रान्सिस्कोच्या कम्युनिटी फाउंडेशनकडे सोपवलं. ही संस्था उपसागराभोवतीच्या पाच काउंट्यांसाठी काम करत होती. मालमत्ता म्हणजे मुख्यतः सासरच्या तेलकंपनीचे शेअर. किंमत एक कोटी डॉलरच्या आसपास धरलेली.

१९७९ मध्ये एका बड्या तेलकंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि शेअरची रक्कम पंचवीस कोटींच्या पुढे गेली. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती चाळीस कोटींच्या घरात होती. सव्वादोन लाख वस्तीची, आधीच खात्यापित्या घरांची काउंटी, आणि तिच्यासाठी दरसाल खर्च करायला कोट्यवधी डॉलर. उपसागरापलीकडे ओकलंडमध्ये शाळा आणि दवाखाने पैशाअभावी रडत होते. (समतेला इंग्रजीत ‘इक्विटी’ म्हणतात, पण मराठीत ‘इक्विटी’ म्हटलं की आधी शेअरबाजार आठवतो. या प्रकरणात तो अर्थही चपखल बसतो: एका इक्विटीचा भाव चढला म्हणून दुसरीचा प्रश्न उभा राहिला.)

१९८४ मध्ये फाउंडेशनने कोर्टात अर्ज केला: या निधीचा काही भाग इतर चार काउंट्यांत खर्च करू द्या. आधार होता ‘सी-प्रे’ या जुन्या न्यायतत्त्वाचा. दात्याचा हेतू अशक्य किंवा अव्यवहार्य झाला, तर त्याच्या जवळात जवळ जाणाऱ्या कामाला पैसा वळवता येतो, असं ते तत्त्व. फाउंडेशनचं म्हणणं, एवढा पैसा येईल हे त्या बाईला कधी ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर तिने वेस इतकी आवळली नसती. मरिनच्या प्रतिनिधींनी यावर आकांत केला. मेलेल्या बाईचं थडगं उकरणारे, इथपर्यंत भाषा गेली. राज्याचे ॲटर्नी जनरलही अर्जाच्या विरोधात उभे राहिले. इतर काउंट्यांतल्या गरीब वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था अर्जाच्या बाजूने कोर्टात उतरल्या.

खटला महिनोन्‌महिने चालला. १९८६ च्या उन्हाळ्यात निकाल लागला तो मरिनच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: पैसा दुसरीकडे अधिक उपयोगी पडेल, एवढ्यावरून दात्याचा शब्द मोडता येत नाही. अकार्यक्षम दान म्हणजे अशक्य दान नव्हे. जुन्या फाउंडेशनने जबाबदारी सोडली आणि फक्त मरिनसाठी नवं कम्युनिटी फाउंडेशन उभं राहिलं. तडजोड म्हणून उत्पन्नाचा एक हिस्सा मरिनमध्येच असलेल्या, पण काउंटीबाहेरच्या जगालाही उपयोगी पडतील अशा मोठ्या प्रकल्पांकडे गेला. वार्धक्यावरचं संशोधन त्यांतलंच एक.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर होता, असं मला वाटतं. कोर्टाने उलटं ठरवलं असतं तर एकही दाता उद्या आपल्या गावाचं नाव विश्वासाने लिहू शकला नसता. पण या खटल्याची गोष्ट ‘दात्याच्या शब्दाचा विजय’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा मृत्युपत्रातला दुसरा शब्द मागे पडतो. तिथे काउंटी होती, तसे ‘गरजू’ही होते. भांडण झालं ते काउंटीच्या वेशीवरून. गरजू म्हणजे कोण, यावर दोन्ही बाजूंनी त्यामानाने कमीच डोकं खपवलं.

मरिनमध्ये गरीब नव्हते असं नाही. सॉसालिटोजवळ मरिन सिटी नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी आणलेल्या कामगारांची ती वसाहत. युद्ध संपलं तसे गोरे कामगार काउंटीत इतरत्र घरं घेऊन पांगले. कृष्णवर्णीय कुटुंबांना घर विकायचं नाही, अशा अटी आजूबाजूच्या खरेदीखतांतच असल्याने ती तिथेच अडकली. म्हणजे ‘सधन काउंटी’ हे वर्णन सरासरीचं होतं. पुढच्या दशकांत परवडणारी घरं, स्थलांतरितांची आरोग्यसेवा, शाळांमधली दरी या कामांना मरिनमधला पैसा मिळत गेला, तो निकालातल्या कुठल्या वाक्यामुळे नव्हे, तर ‘गरजू’ हा शब्द हळूहळू नव्याने वाचला गेल्यामुळे. समान वाटप (सगळ्यांना सारखं) आणि समतेचं वाटप (ज्याची गरज जास्त त्याला जास्त) यांतला फरक लोक व्याख्यानांतून समजावत बसतात. इथे तो एका काउंटीच्या नकाशावर दिसतो.

दरम्यान मेलेल्या दात्याच्या हाताची जागा जिवंत दात्याच्या हाताने घेतली. दात्याच्या सल्ल्याने चालणारे निधी, म्हणजे पैसे संस्थेकडे ठेवून ते कुणाला द्यायचे हे दात्याने सुचवायचं, न्यूयॉर्कमध्ये १९३१ पासून होते, पण १९९१ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने स्वतःची धर्मादाय शाखा काढली आणि या निधींचं रूपच पालटलं. करसवलत पैसे जमा करताच मिळते. संस्थांच्या हाती ते कधी पडायचे, याला मुदत नाही. २००६ च्या अमेरिकी कायद्याने या निधींची व्याख्या दिली, किमान वाटपाची अट मात्र घातली नाही. खासगी फाउंडेशनला दरवर्षी साधारण पाच टक्के द्यावेच लागतात. कम्युनिटी फाउंडेशनांनी स्पर्धेपोटी हेच निधी जवळ केले. त्यामुळे ताळेबंदातला आकडा फुगलेला आणि समितीच्या मर्जीने देता येईल असा मोकळा पैसा जेमतेम, हे चित्र आज अनेक ठिकाणी आहे. वस्तीतल्या संस्थेला ‘आमच्याकडे निधी नाही’ हे उत्तर मिळतं ते खोटं नसतं. पैसा असतो, त्यावर नाव दुसऱ्याचं असतं.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. पंचवीस कोटी डॉलरहून मोठ्या फाउंडेशनांनी आपल्या संचालक मंडळांची आणि अनुदान मिळालेल्या संस्थांची वंशवार आकडेवारी जाहीर करावी, असं त्यात होतं. कनिष्ठ सभागृहात ते मंजूर झालं. मोठ्या फाउंडेशनांच्या एका गटाने अल्पसंख्याकांच्या संस्थांना बळ देण्यासाठी पैसे देण्याचं कबूल केलं आणि विधेयक मागे घेतलं गेलं. आकडेवारी देणं अर्थातच ऐच्छिक राहिलं.