ऑफिसात पळणारं अ‍ॅप प्रवासात का अडतं?

अ‍ॅप तयार होतं अंधेरीच्या किंवा ऐरोलीच्या ऑफिसात, नव्या फोनवर आणि दमदार वाय-फायवर. वापरलं जातं विरार फास्टच्या गर्दीत, एका हाताने, जुन्या फोनवर आणि ये-जा करणाऱ्या सिग्नलवर. तक्रारी गाडीतून येतात आणि कोड तपासला जातो ऑफिसात, म्हणून दोष सापडत नाही. उत्तर उशिरा येईल किंवा येणारच नाही, हे धरून कोड लिहिला असेल तरच अ‍ॅप या शहरात टिकतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'हँग होतंय'. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झवर जेमतेम ८.३. रंगवायची तयारी करणं आणि बोटाचा स्पर्श टिपणं ही दोन्ही कामं मेन थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं उरकणारा मुख्य धागा, करतो. त्याच थ्रेडवर डेटाबेस वाचायला घेतला किंवा मोठी फाइल उघडली, की तेवढा वेळ बटणं मुकी होतात. अँड्रॉइडवर स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, तर 'अ‍ॅप रिस्पाँड करत नाही' अशी पाटी येते. विंडोजही साधारण तेवढाच वेळ थांबतं आणि मग खिडकी पांढुरकी करून मथळ्यात 'नॉट रिस्पाँडिंग' लिहितं.

फोटोंचंच घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा दिसतो, पण उलगडल्यावर ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट मेमरी खातो. यादीत बोटाएवढी वीस चित्रं दाखवायला असे वीस फोटो पूर्ण उलगडले, तर साधा फोन तिथेच मान टाकतो. अँड्रॉइडवर फोटो उलगडतानाच 'इनसॅम्पलसाइज' (दोन्ही बाजू किती पटीने लहान करायच्या तो आकडा) १६ द्या. चित्र २५० गुणिले १८७ होतं आणि खर्च दोन लाख बाइटच्या आत येतो. हे कामही बॅकग्राउंड थ्रेडवरच, म्हणजे मागे चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावरच करा. मेन थ्रेडवर कोण डिस्क वाचतंय हे पकडायला डेव्हलपमेंटच्या बिल्डमध्ये 'स्ट्रिक्टमोड' चालू ठेवावा.

डेस्कटॉपवर सी-शार्प या भाषेत याचीच एक वेगळी तऱ्हा दिसते. बटणाच्या कोडमध्ये 'अवेट' (थ्रेड न अडवता वाट बघणं) न लिहिता टास्कचं, म्हणजे चालू असलेल्या कामाचं, 'रिझल्ट' मागितलं जातं. यूआय थ्रेड (डेस्कटॉपवरचा मेन थ्रेड) टास्क संपायची वाट बघत थांबतो. टास्कचा उरलेला भाग यूआय थ्रेड मोकळा व्हायची वाट बघतो. दोघंही कायमचे अडकतात. खिडकी-बटणं नसलेल्या कन्सोल प्रोग्रॅममध्ये तोच कोड बिनबोभाट चालतो, त्यामुळे दोष कुठे आहे ते लवकर कळत नाही. उपाय एकच: वरपासून खालपर्यंत 'अवेट' लावायचं, मध्येच साखळी तोडायची नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न पैशांचा. सर्व्हरला पाठवलेली रिक्वेस्ट यशस्वी होते किंवा फसते, असं धरून बहुतेक कोड लिहिलेला असतो. तिसरी शक्यता राहून जाते: काय झालं ते कळलंच नाही. आरे ते कफ परेडच्या भुयारी मेट्रोत कुणी तिकिटाचे पैसे भरायला बटण दाबलं, रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचली, पैसे वळते झाले आणि उत्तर परत येताना सिग्नल गेला. अ‍ॅपला टाइमआउट, म्हणजे 'वेळेत उत्तर आलं नाही' एवढंच दिसतं. 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं, की दुसरं तिकीट निघतं.

बटण निष्क्रिय करून हा प्रश्न सुटत नाही, कारण माणूस अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडतो. ऑर्डर तयार होते त्याच क्षणी फोनवर एक यूयूआयडी (दुसऱ्या कशालाही न मिळणारा क्रमांक) बनवा, आधी फोनच्या डेटाबेसमध्ये लिहा आणि मगच रिक्वेस्ट पाठवा. पुढचा प्रत्येक प्रयत्न त्याच क्रमांकाने झाला पाहिजे. दर दाबण्याला नवा क्रमांक बनवणं ही इथली नेहमीची चूक. मग सगळी खटपट फुकट जाते. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाच्या कॉलमला युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारणारा नियम) हवाच. 'आधी शोधा, नसेल तर टाका' एवढ्यावर भागत नाही, कारण दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला, तर एरर न देता पहिल्या वेळचंच उत्तर परत द्यावं.

पुन्हा प्रयत्न करतानाही १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत न्या, ते ३० सेकंदांपुढे जाऊ देऊ नका आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला. गाडी सिग्नलमध्ये येताच शेकडो फोन एकाच वेळी जागे होतात. सगळ्यांचं अंतर सारखं असेल तर सर्व्हरवर लाटेमागून लाट आदळते. सर्व्हरकडून ५०३ (सध्या सेवा देता येत नाही) असा कोड आला तर पुन्हा विचारा. ४०० आला तर विचारू नका. चूक रिक्वेस्टमध्येच आहे.

अर्धवट भरलेला फॉर्म गायब होणं हे मात्र चटकन सुटतं. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड मागचं अ‍ॅप मारून टाकतं. व्ह्यूमॉडेल (पडद्यावरची माहिती धरून ठेवणारा भाग) फोन आडवा करण्यातून वाचतो, यातून नाही. मजकूर सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये ठेवा, तिथला मजकूर अँड्रॉइड परत देतं. चाचणीसाठी अ‍ॅप मागे ढकला, एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची सोय) 'एएम किल' आणि पॅकेजचं नाव द्या, मग अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून परत उघडा.

आणि एक दोष असा, जो दहा ते सातच्या ऑफिसात दिसणं शक्यच नाही. जावास्क्रिप्टमध्ये आजची तारीख काढायला अनेक जण 'टू-आयएसओ-स्ट्रिंग'ची पहिली दहा अक्षरं कापून घेतात. ती तारीख यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. दादरच्या फुलबाजारासाठी पहाटेची पहिली लोकल धरणाऱ्याचा आजपासून लागू झालेला पास 'अजून सुरू झालेला नाही' दिसतो, आणि काल संपलेला पास वैध दिसतो. साडेपाचला सगळं आपोआप बरोबर होतं, म्हणून तक्रार करणाऱ्यावर कुणी विश्वासही ठेवत नाही. क्षण साठवायचा तो यूटीसीतच, पण पासाची तारीख ठरवताना 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन नाव घेऊन वापरा. फोनच्या सेटिंगवर विसंबू नका. घड्याळ कोडला बाहेरून पुरवलं, तर २३:५९, ००:०१, ०५:२९ आणि ०५:३१ या चार वेळा दिवसाढवळ्याही तपासता येतात.