फरशी लाकडाची, हिशेब पाण्याचा

लाकडी फरशीच्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून काट्यावर ठेवला. समजा, भरला २२२ ग्रॅम. मग तो १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून पुन्हा पुन्हा तोलला. वजन घटायचं थांबलं तेव्हा काटा २०० वर होता. उडून गेलेले २२ ग्रॅम म्हणजे पाणी. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ११ टक्के. आणि हे ‘पूर्ण वाळवलेलं’ म्हणून आलेलं लाकूड!

घरात लाकडी फरशी घालायचं ठरलं की रंगाचे नमुने बघण्यात आठवडा जातो. मला विचाराल तर तो आठवडा या पाण्यामागे लावावा. खिळे, गोंद, करवत हे सगळं नंतरचं.

जुन्या पद्धतीच्या लाकडी जमिनीत जाड फळ्या तुळयांवर ठोकलेल्या असतात आणि माणसांचं, सामानाचं वजन त्या स्वतः पेलतात. ओव्हरले, म्हणजे असलेल्या जमिनीवर वरून बसवायच्या, फरशीचं तसं नाही. तिची अस्सल लाकडाची पट्टी साधारण १२ ते १४ मिलिमीटर जाड, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला शेजारच्या पट्टीची जीभ बसेल अशी खाच. ती आधीपासून असलेल्या जमिनीवर बसते, मग ते काँक्रीट असो, टाइल असो की प्लायवूड. भार खालच्या जमिनीवर. त्यामुळे खालच्या जमिनीची प्रत्येक खोड वरच्या लाकडात उतरते. कधी महिन्याभरात, कधी वर्षाने.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. प्रत्येक नळीची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांची असते आणि त्या धाग्यांवर, त्यांच्यामधल्या हेमिसेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचे रेणू त्यांना चिकटतात. हवेतल्या वाफेतून आलेले हे रेणू भिंतीत शिरतात, धाग्यांना एकमेकांपासून दूर सारतात आणि लाकूड फुगतं. हवा कोरडी झाली की हेच उलट्या दिशेने. भिंती पाण्याने भरल्या, म्हणजे ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर गेला, की फुगणं थांबतं. त्यापुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत नुसतं पडून राहतं.

घरातली फरशी इतकी भिजत नाही. २० अंशांच्या आसपासच्या खोलीत हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतं, ५० असेल तर ९ वर, ६५ ला १२ आणि ८० ला १६. केसाचा स्वभावही असाच. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली आपल्या ग्रंथात माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन केलं: केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. लाकडी फरशी हे तसंच यंत्र आहे, खोलीभर पसरलेलं आणि बिनकाट्याचं.

केस लांबीत वाढतो, लाकूड मात्र रुंदीत. सेल्युलोजचे धागे बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणून मध्ये शिरलेलं पाणी त्यांना बाजूला ढकलतं. लांबीतला फरक नगण्य राहतो. रुंदीतही दोन तऱ्हा. पट्टीचं कापलेलं टोक डोळ्यांसमोर धरा. वार्षिक वलयांचे कंस पट्टीच्या रुंदीला समांतर, आडवे पसरलेले दिसले, तर ती पट्टी जास्त हलणार. तेच कंस उभ्या रेघांसारखे दिसले, तर तिची हालचाल ढोबळमानाने निम्मी. त्याच झाडाचं, त्याच दिवशी कापलेलं लाकूड, पण करवत कुठल्या अंगाने फिरली यावर एवढा फरक!

आता आकडेमोड. आडव्या वलयांचा रेड ओक ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे ०.३७ टक्के हलतो. १३० मिलिमीटरची पट्टी ८ टक्क्यांवरून १२ वर गेली, तर ती जवळपास २ मिलिमीटर रुंद होईल. एका पट्टीचं ठीक आहे. पण ४ मीटर रुंद खोलीत अशा तीसेक पट्ट्या असतात आणि बेरीज ६ सेंटिमीटरच्या घरात जाते. प्रत्यक्षात गोंद आणि खिळे पट्टीला धरून ठेवतात, जोडांमधल्या फटी थोडं गिळतात, म्हणून भिंतीपाशी एवढं दिसत नाही. साग याच हिशेबात निम्म्यावर थांबतो; जहाजांच्या डेकवर त्याला मान मिळाला त्याचं हे एक कारण.

फुगणाऱ्या लाकडाला जागा मिळाली नाही तर? दगड फोडायची एक जुनी रीत होती: खाचांमध्ये कोरड्या लाकडी पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं. दगडाला भेगा पाडणारं लाकूड भिंतीला भिडलं, तर खोलीच्या मधोमध पट्ट्या तंबूसारख्या वर उठतात. तेव्हा भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर फट सोडायची, चारही बाजूंनी, दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपांभोवतीसुद्धा. फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. स्कर्टिंगचा खिळा भिंतीत गेला पाहिजे. तो फरशीत ठोकला की फट असून नसल्यासारखी. आणि काम करताना फटीत अडकवलेल्या पाचरी शेवटी आठवणीने काढायच्या. हास्यास्पद वाटेल, पण या विसरतात.

‘पट्ट्या आठ दिवस खोलीत ठेवा म्हणजे हवेला सरावतात’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा. प्लॅस्टिकच्या बंद वेष्टनात पट्ट्या महिनाभर ठेवल्या तरी त्या कशाला सरावणार? वेष्टन उघडून, थरांमध्ये बारीक काठ्या ठेवून, सगळ्या बाजूंनी हवा फिरेल अशा रचाव्या लागतात. दुसरं म्हणजे खोली तेव्हा कुठल्या अवस्थेत आहे? गिलावा ओला, भिंतींना नुकताच रंग दिलेला, खिडक्या बंद. अशा खोलीत पट्ट्या उलट पाणी पितील, आणि घर नांदतं झालं की ते सोडून आखडतील. म्हणून ओली कामं आधी उरकायची, पंखे, एसी किंवा हीटर जे एरवी चालतं ते चालू करायचं, आणि मगच लाकूड आत आणायचं.

दिवस मोजण्यापेक्षा ओलावा मोजावा. दोन टोकदार पिनांचा ओलावामापक लाकडात खुपसला की तो त्या दोन टोकांमधला विद्युतरोध मोजतो. कोरडं लाकूड विजेला जबरदस्त अडवतं आणि ओलावा वाढेल तसा रोध झपाट्याने कोसळतो. यंत्राचा आकडा मात्र लाकडाची जात आणि तापमान पाहून दुरुस्त करावा लागतो, नाहीतर सागाला पाइन समजून वाचाल. दहा-वीस पट्ट्या तपासा. आकडे एकमेकांजवळ असले आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतले तरी हलले नाहीत, की लाकूड तयार.

आता जमिनीकडे. काँक्रीट हा या प्रकरणातला सगळ्यात फसवा गडी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी आपल्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी लागतं, आणि मिश्रण हाताळता यावं म्हणून घातलं जातं बरेचदा अर्ध्याच्या आसपास. उरलेलं पाणी काँक्रीटच्या छिद्रांत अडकतं आणि सावकाश वर येत राहतं. ढोबळ नियम असा की दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना. म्हणजे १०० मिलिमीटरच्या स्लॅबला किमान चार महिने, तेही छप्पर आणि खिडक्या बसून आत पाऊस येणं थांबल्यापासून. वरून हात लावला तर जमीन केव्हाच कोरडी लागते. हात फक्त वरच्या पापुद्र्याची बातमी देतो.

एक साधी चाचणी घरी करता येते. हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन काँक्रीटवर पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान १६ तासांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगावर धुकं, थेंब किंवा खालचं काँक्रीट गडद झालेलं दिसलं, तर उत्तर मिळालं: थांबा. काहीच दिसलं नाही तर मात्र फार खूश होऊ नका, कारण खोल मुरलेलं पाणी इतक्यात वर येईलच असं नाही. त्यासाठी स्लॅबला जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवतात. ४० टक्केच का? स्लॅब एकाच बाजूने वाळत असला की वर कोरडा आणि खाली ओला असतो. वर फरशी चिकटवून वाट बंद केली की आतला ओलावा हळूहळू सगळीकडे सारखा पसरतो, आणि तो कुठल्या पातळीवर येऊन ठरेल याचा अंदाज तेवढ्या खोलवर आजच मिळतो. आकडा जास्त आला तर एकतर थांबणं किंवा इपॉक्सीसारखा ओलावारोधक थर.

जुन्या टाइलवर बसवायचं असेल तर आधी लाकडी दांड्याने टाइलवर ठकठक करत फिरा. भरीव आवाज आला तर उत्तम. पोकळ बोलणारी टाइल उखडून खड्डा भरून घ्या. गुळगुळीत ग्लेजवर गोंद धरत नाही, म्हणून ते घासून खरबरीत करावं लागतं, आणि ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट, तेव्हा मास्क चांगल्या प्रतीचा हवा. खूप जुन्या व्हायनल टाइल्स किंवा त्यांच्याखालचा काळा गोंद निघाला तर घासायला अजिबात जाऊ नका. त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

सपाटी आणि लेव्हल यांत लोक गल्लत करतात. अख्खी जमीन एका बाजूला किंचित उतरती असली तरी फरशीचं काही अडत नाही. अडतं ते उंचवट्यांनी आणि खळग्यांनी. ३ मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून फिरवायची. तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. खळग्यावर बसलेली पट्टी म्हणजे छोटा पूल. पाय पडला की ती दबते, उचलला की वर येते, आणि दर वेळी जीभ खाचेत किंवा लाकूड खिळ्यावर घासतं. घासताना ते अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तसंच. निघतो तो करकर आवाज. जपानमध्ये क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या गाणाऱ्या फरश्यांची गंमत हीच आहे, तिथे फळ्यांखालच्या लोखंडी पकडींत खिळे घासतात. किल्ल्यात ते कौतुकाचं. शयनगृहात रात्री दोन वाजता नाही.

काँक्रीटवर बरेचदा आधी प्लायवूडचा थर देतात, म्हणजे खिळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. दोन तुकड्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट, जोड विटांच्या बांधकामासारखे चुकवलेले. याने जमीन एकूण २५-३० मिलिमीटर वर येते, आणि मग दारं तासावी लागतात, उंबऱ्यापाशी पायरी होते, ओट्याखालचं भांडी धुण्याचं यंत्र आत अडकून बसतं. हे आधी मोजलेलं बरं.

गोंदाची निवडही पाण्याशीच येऊन थांबते. सुताराचा पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो; तो पातळ पट्टीच्या पोटाला भरभरून लावला की आपणच तिला खालून पाणी पाजतो. फरशीचा पॉलियुरेथेन गोंद उलटा: त्यात पाणी नसतं, आणि तो हवेतल्या, लाकडातल्या ओलाव्याशी क्रिया करून घट्ट होतो. घट्ट झाल्यावरही थोडा रबरासारखा राहतो, म्हणून लाकडाला हलू देतो पण सुटू देत नाही. दातेरी थापीने सारख्या उंचीच्या रेघा ओढायच्या. पहिल्या काही पट्ट्या बसवल्यावर एक पट्टी मुद्दाम उचलून पालथी करा. गोंदाच्या रेघा दबून पसरल्या असतील आणि पोट जवळजवळ पूर्ण माखलं असेल तर काम बरोबर चाललंय. नुसत्या समांतर रेघा उमटल्या असतील तर थापीचे दाते झिजलेत किंवा गोंद मघाशीच सुकायला लागलाय.

पहिली ओळ भिंतीच्या भरवशावर लावू नका. भिंती क्वचितच सरळ असतात. सूत मारून रेघ पाडा आणि तिच्याशी इमान राखा. शेजारच्या ओळींतले आडवे जोड हातभर अंतराने चुकवा. पट्ट्या तीन-चार खोक्यांमधून मिसळून घ्या, नाहीतर रंगाचा पट्टा पडतो. हातोडी थेट जिभेवर कधीच मारायची नाही, मध्ये खाचेच्या पट्टीचा तुकडा धरायचा. खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपा जातो आणि पुढच्या पट्टीची खाच त्याला झाकते.

बसवलेली फरशी मशीनने घासून गुळगुळीत करण्याआधी काही दिवस थांबा, गोंद पुरता बसू द्या. आणि पट्ट्यांच्या कडा वर आलेल्या, मध्य खोलगट असा आकार दिसला तर मशीन लावूच नका. पट्टीचं पोट पाठीपेक्षा ओलं आहे, म्हणून ते जास्त फुगलंय, एवढंच ते सांगतंय. उंच कडा घासून सपाट केल्या आणि मग खालचं पाणी आटलं, की पट्टी सरळ होते. पण कडांचं लाकूड तर गेलेलं असतं. आता मध्य फुगीर, कडा खाली. गळती किंवा ओल शोधा आणि वाळू द्या, बऱ्याचदा पट्टी आपणहून बसते. घासताना मास्क इथेही हवा: लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय.

जवसाच्या तेलाने फिनिश देत असाल तर तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. चिंधीच्या घड्यांत ती साठत जाते आणि काडी न ओढता आग लागते. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या.

पहिल्या कोरड्या महिन्यांत पट्ट्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढ्या बारीक फटी दिसायला लागतील. मग पुट्टीचा डबा आठवतो. तो उघडू नका. दमट हवा परतली की पट्ट्या पुन्हा जवळ येतात, आणि फटीत बसलेली पुट्टी चिरडून वर येते, नाहीतर पट्टीच्या कडा दाबते. आर्द्रतामापक भिंतीवर लावा, आकडा आणि फट दोन्ही वर्षभर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच फट, त्याच जागी, तेवढ्याच जाडीची सापडेल.