माळ्यावरचा रेडिओ खाली काढलात? प्लग लावण्याआधी हे वाचा

वीस-तीस वर्षं बंद असलेला सेट माळ्यावर पडून जेवढा बिघडत नाही, तेवढा पहिल्या पाच मिनिटांत बिघडतो. "चालतोय का बघू" म्हणून लावलेला प्लग ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो, आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर आज गुंडाळूनच घ्यावा लागतो. सेट पुसा, आतलं जाळं हलक्या ब्रशनं काढा, पण वीज देऊ नका.

व्हॉल्व्हच्या (बल्बसारख्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत आधी जातात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापराविना सुकतात, आतल्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. अचानक 250-300 व्होल्ट मिळाले की ते शॉर्ट होतात आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. दुसरा त्याहून फसवा: मेणकागदाचा, 0.01 मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हचा डीसी दाब आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणारा, बहुधा ईएल 84) ग्रिडपर्यंत, म्हणजे त्याच्या आतल्या जाळीपर्यंत, जाऊ न देणं हे त्याचं काम. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि थोडाथोडा दाब सोडू लागतो. सेट छान वाजतो, दहा-पंधरा मिनिटांनी आवाज फाटतो, ईएल 84 ची प्लेट (आतला पत्रा) लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटते. म्हणून वाजत असलेला जुना सेटसुद्धा तपासून घ्यावा. चहाच्या कपाच्या किमतीचा भाग सगळ्यात महागडा भाग खातो.

आमच्याकडे दुरुस्तीला आलेला सेट आधी सिरीज बोर्डवर लागतो, म्हणजे त्याला वीज एका बल्बमधून मिळते. फेजमध्ये 60 वॉटचा तारेचा बल्ब (एलईडी इथे चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि सेट वाचला. कंडेन्सर बदलल्यावर दहा मिनिटं चालवून ईएल 84 च्या 2 नंबर पिनवर (तोच ग्रिड) मीटर लावतो. तिथे चासीच्या (सेटच्या लोखंडी सांगाड्याच्या) तुलनेत शून्य व्होल्ट हवेत. एक व्होल्ट जरी अधिक दिसला तरी काम संपलेलं नाही. फिल्टरला 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्ट, 105 अंशांचे कंडेन्सर घालतो. "मोठा घाला, घुंईं आवाज पूर्ण जाईल" असं सांगणारे भेटतात, पण ईझेड 80 रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरला 50 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. 220 मायक्रोफॅरडचा घातला तर रेक्टिफायर लवकर मरतो.

घरी तुम्हाला एक गोष्ट नक्की बघता येईल. प्लग काढलेला असताना मागच्या जाळीतून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच 81, ईबीएफ 89, ईएल 84 असे 'ई'चे व्हॉल्व्ह असतील तर सेटला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच 81, यूएल 84, यूवाय 85 असे 'यू'चे असतील तर तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, लोखंडी चासी थेट लाइनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चासीवर पूर्ण 230 व्होल्ट येतात. नॉब निघालेला, मागचा पुठ्ठा नसलेला असा सेट मुलांच्या हाताला लागेल तिथे ठेवू नका. नॉबच्या बारीक स्क्रूवर कारखान्यात मेण भरायचे ते याचसाठी. पडलं असेल तर आम्ही पुन्हा भरतो. व्होल्टेजची चकती 220 वर असेल तर 240 किंवा 250 वर करून देतो, कारण रात्री उशिरा भार कमी झाला की लाइन वर जाते.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते म्हणून त्यात शिलाई मशीनचं तेल सोडू नका. कार्बनच्या पट्टीवर तेल बसलं की धूळ चिकटते. त्याला कॉन्टॅक्ट क्लीनरच लागतो. शिलाई मशीनचं तेल रेकॉर्ड प्लेअरच्या मधल्या दांड्याला चालतं, एकच थेंब.

रेकॉर्ड प्लेअर

गाणं लाटेसारखं वरखाली होत असेल, किंवा ठरावीक वेळानं 'धप्' ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा दोष आतल्या रबरी चाकाचा. प्लेअर गिअर लावलेल्या स्थितीत (चाक दाबून टेकलेलं असताना) वर्षानुवर्षं राहिला की चाकाला एका जागी खळगा पडतो. रबर कडक झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरनं थोडं जागं करता येतं. खळगा खोल असेल तर नवं रबर चढवावं लागतं. वेगासाठी 180 रेघांची चकती ठेवून चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली बघतो: 33⅓ ला रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत.

अमेरिकेतून कुणी पाठवलेला प्लेअर असेल तर खास लक्ष द्या. 110 व्होल्टचा स्टेपडाउन लावला तरी तिथली वीज 60 हर्ट्झ, आपली 50. अशा प्लेअरची एसी मोटर एक षष्ठांश सावकाश फिरते, 33⅓ च्या जागी सुमारे 27.8, आणि गायिका गायकासारखी ऐकू येते. स्टेपडाउन बदलून हे सुटत नाही. मोटरची पुली बदलावी लागते.

सुईवर पैसे वाचवू नका. 78 च्या लाखेच्या तबकडीला सुमारे 75 मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला 18 च्या आसपास. एलपीची सुई 78 वर चालवली तर ती खाचेच्या तळाशी खरडते आणि नुसतं खसखस ऐकू येतं. 78 ची सुई एलपीवर चालवली तर एलपी कायमची गेली. लाखेच्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. मधलं लेबल कोरडं ठेवा आणि तबकडी उभी वाळवा. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांतच राग मांडलेला असतो, त्यामुळे एका पुसट खाचेतही बरंच काही जातं. कोल्हापुरात अनेक घरांत अशा तबकड्या ट्रंकेत आडव्या रचून ठेवल्या आहेत. त्या उभ्या लावा, आजच.

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या चुंबकी भागाचा) प्लेअर अॅम्प्लिफायरच्या 'फोनो' खाचेतच लावा. 'ऑक्स'ला लावल्यास आवाज बारीक आणि खर्जाशिवाय येतो, आणि लोक अॅम्प्लिफायरला दोष देतात.

कॅसेट डेक

बटण दाबल्यावर मोटर घरघरते पण टेप हलत नाही, तर पट्टा वितळून डांबर झालेला असतो. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवून बघू नका. हेडवर बसलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सी-120 च्या (120 मिनिटांच्या) कॅसेट शक्यतो वाजवू नका, टेप फार पातळ असते आणि गुंडाळते.

पुरात भिजलेले सेट

2019 आणि 2021 च्या पुरात पाण्याखाली गेलेले सेट अजून घराघरांत बांधून ठेवलेले आहेत. ते टाकू नका. गाळ वाळून घट्ट झाला असेल तरी स्वच्छ पाण्यानं धुता येतो. खरा प्रश्न ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या कागदातल्या ओलीचा. ट्रान्सफॉर्मर साधारण 60 अंशांवर काही दिवस वाळवून मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) तपासल्याशिवाय वीज देता येत नाही. स्पीकरचा कागदी कोन मात्र सहसा वाचत नाही, नवा बसवावा लागतो. प्लायवूड सुटलेलं कॅबिनेट सुताराकडे देण्याआधी आम्हाला दाखवा. जुनी पॉलिश घासून काढली की परत तशी येत नाही.

दुरुस्तीनंतर काय लागेल याचीही कल्पना असावी. मीडियम वेव्हच्या जुन्या सेटवर आपलं 102.7 चं आकाशवाणी कोल्हापूर लागणार नाही, ते एफएम आहे. डायलवर 1251 किलोहर्ट्झ ही सांगली केंद्राची जागा. घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून ऐका. खरखर बहुतेक त्यांचीच असते. आत फेराइट दांडा (आतला अँटेना) नसलेल्या सेटला खिडकीबाहेर पाच ते दहा मीटर तार लागतेच.

आणताना सेट उभा धरा, व्हॉल्व्ह काढू नका. सुटलेले नॉब, मागचा पुठ्ठा, तुटलेली डायलची दोरी, जे सापडेल ते पिशवीत घालून आणा. काढलेले सगळे जुने भाग आम्ही परत देतो.