कोर्ट स्ट्रीटवरचा कारखाना

टेलिफोनचा शोध कोणी लावला, असं विचारलं की बेलचं नाव येतं. मला मात्र त्यासोबत एक पत्ताही सांगावासा वाटतो: १०९, कोर्ट स्ट्रीट, बॉस्टन. चार्ल्स विल्यम्स यांचा कारखाना तिथे होता. तारयंत्रं आणि विजेच्या घंटा हा त्यांचा नेहमीचा माल. पण त्या काळी अमेरिकेत पेटंट मागायचं तर यंत्राचं मॉडेलही द्यावं लागे. त्यामुळे कल्पना आहे पण लेथ नाही, अशी माणसं इथे यायची. बॉस्टनला तारेवर चालणारी आगीच्या इशाऱ्याची यंत्रणा देणारे मोझेस फार्मर इथलेच गिऱ्हाईक. १८६८ साली बॉस्टनला आलेला तरुण एडिसनही इथे खटपट करत असे.

थॉमस वॉटसन हा इथला विशीतला कारागीर. १८७४ मध्ये बेल त्याच्याकडे आला तेव्हा वॉटसनच्या हातात फार्मर यांचंच काम होतं. आज एकाचं यंत्र, उद्या दुसऱ्याचं. एकाकडून शिकलेलं दुसऱ्याच्या कामी यायचं. बेल बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा. आवाजाची त्याची जाण सूक्ष्म होती, पण विजेचं ज्ञान बेताचं आणि हातकामात गती नव्हती. हे दोघे एकत्र आले ही मला या कारखान्याची सर्वांत मोठी कमाई वाटते.

बेलला एकाच तारेवरून वेगवेगळ्या सुरांत अनेक संदेश पाठवायचे होते. त्यासाठी विद्युतचुंबकासमोर पोलादी पट्ट्या बसवल्या होत्या. पट्टी थरथरली की प्रवाह तुटायचा, जुळायचा. २ जून १८७५ रोजी माळ्यावर प्रयोग चालू असताना एक पट्टी अडकली. स्क्रू जास्त आवळला गेल्याने प्रवाह तुटतच नव्हता. वॉटसनने पट्टी बोटाने छेडली, आणि दुसऱ्या खोलीत बेलला तिचा नाद ऐकू आला, टिक-टिक नव्हे, तर सगळ्या बारकाव्यांसह. चुंबकत्व आलेली पट्टी हलताना तारेत तिच्याच कंपनांसारखा कमीजास्त होणारा प्रवाह निर्माण झाला होता. आवाज न्यायला नेमका असाच प्रवाह लागतो. हे ओळखायला बेलचाच कान हवा होता.

त्याच दिवशी बेलने आराखडा सांगितला आणि वॉटसनने लगेच पहिला टेलिफोन घडवला. त्यातून आवाज पोचला, शब्द मात्र कळले नाहीत. स्पष्ट वाक्य ऐकू यायला १० मार्च १८७६ उजाडावा लागला. एप्रिल १८७७ मध्ये विल्यम्स यांनी कारखान्यापासून सॉमरव्हिलमधल्या आपल्या घरापर्यंत टेलिफोनची तार टाकली, आणि विक्रीचे सुरुवातीचे टेलिफोनही त्यांच्याच कारखान्यात तयार होऊ लागले.