जायरोप्लेनच्या पात्याचा पीळ

पाते रोटरच्या (यंत्राच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या) फिरण्याच्या पातळीशी ज्या कोनात बसवतात तो बसवणकोन. पात्याच्या बुडाकडील आणि टोकाकडील बसवणकोनांतला फरक म्हणजे पीळ किंवा ट्विस्ट. सोलापूरच्या सूतगिरणीत पीळ म्हटले की दर इंचाला सुताला पडणारे फेरे मोजतात. पात्याचा पीळ अंशांत मोजतात. हेलिकॉप्टरमध्ये तो साधारण 8° ते 12° असतो, जायरोप्लेनमध्ये (डोक्यावर मोकळा फिरणारा रोटर आणि पुढे नेणारे वेगळे इंजिन असलेल्या विमानात) बहुधा शून्य ठेवतात.

याचे कारण हवेच्या दिशेत आहे. हेलिकॉप्टरचा रोटर हवा खाली ढकलतो. जायरोप्लेनच्या रोटरला उड्डाणात इंजिन फिरवत नाही. खालून वर जाणारी हवाच त्याला फिरवते (ऑटोरोटेशन). त्यामुळे पात्याचा आपात कोन (हवा पात्याला ज्या कोनात भिडते तो) म्हणजे बसवणकोन अधिक या झोताचा कोन. 8.4 मी. व्यासाचा रोटर मिनिटाला 350 फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 154 मी. होतो. पुढचा वेग सोडून झोत सेकंदाला 2.8 मी. धरला, तर पाऊण त्रिज्येवर झोताचा कोन 1.4° आणि पाव त्रिज्येवर 4.2° येतो. बसवणकोन 3° असल्यास बुडाजवळ आपात कोन 7.2° भरतो. पाऊण त्रिज्येवर 3° तसाच ठेवून हेलिकॉप्टरसारखा 8° चा वॉशआउट (बूड चढे, टोक उतरते) दिला की तोच 11° च्या पुढे जातो. मग मागे जाणाऱ्या पात्यावर बुडाकडचा स्टॉल (आपात कोन फार वाढल्याने उचल तुटणे) पसरतो आणि पाते फिरवणारा मधला पट्टा, साधारण 25 ते 70 टक्के त्रिज्येचा, आखडतो. उलटा पीळ सिद्धान्ताने ऑटोरोटेशनला अनुकूल आहे. मात्र लाभ थोडा आणि टोकावरचा भार जास्त, म्हणून सरळ पातेच रास्त ठरते. ॲल्युमिनियमचे असे पाते साच्यातून एकसंध दाबून काढता येते, हाही मोठा फायदा.

बसवलेला पीळ शून्य असला तरी उडताना पाते पिळतेच, आणि खरा धोका तेथे आहे. स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्व्हा यांचे सी.4 हे जायरोप्लेन जानेवारी 1923 मध्ये उडाले (तारीख कोठे 9, कोठे 17 दिलेली आढळते). ब्रिटिश वायुगतिकीतज्ज्ञ ग्लॉएर्ट यांच्या 1926 च्या अशा रोटरच्या सिद्धान्तात पाते न पिळणारे धरले होते. पुढे सिएर्व्हा यांच्याच सी.30 च्या पात्याला गॉटिंगन 606 हा बाकदार छेद (पाते आडवे कापल्यावर दिसणारा आकार) वापरला गेला. अशा छेदावर हवा पात्याची पुढची कड खाली वळवते आणि हे वळण वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून पुढे येणाऱ्या बाजूला पात्याचा कोन सर्वांत जास्त उतरतो. पाते त्याला पाव फेऱ्यानंतर प्रतिसाद देते. म्हणजे ते यंत्राच्या नाकासमोर सर्वांत खाली येते आणि रोटरची तबकडी पुढे झुकते. सूर मारताना वेग वाढला की झुकाव वाढतो, झुकावाने वेग वाढतो, आणि वैमानिकाला नियंत्रणाची दांडी मागे ओढायला जागा उरत नाही. बीव्हन व लॉक यांनी 1936 मध्ये सी.30 वरील या पिळाच्या परिणामाचे, तर अमेरिकेत व्हीटली यांनी 1937 मध्ये फेऱ्यागणिक बदलणाऱ्या पिळाचे विश्लेषण केले. आजच्या अनेक पात्यांना नाका (NACA, अमेरिकेची तेव्हाची विमानविद्या संशोधन संस्था) 8-एच-12 हा छेद असतो. त्याची मागची कड किंचित वर वळलेली असल्याने हे वळण फार कमी राहते.

पीळ तपासताना पाते दोन ठिकाणी टेकवून, छेदाच्या आकाराच्या खाचेवर डिजिटल कोनमापक ठेवून दर 50 सेंमी.वर नोंद घेतात. शून्य बुडाच्या बोल्टपाशी धरतात. किती अंश यापेक्षा दोन्ही पाती सारखी असणे महत्त्वाचे. एका पात्याचे टोक चढे असेल तर ते वरून धावते आणि दांडी फेऱ्यागणिक एकदा हलते. हे बुडाचा कोन बदलून झाकता येते, पण भार बदलला की पाती पुन्हा फाकतात. दोष पिळाचा आहे हे त्यावरून ओळखावे. पाते मागच्या कडेने कधीही उचलू नये.

सोलापूरची उंची सुमारे 480 मी. धरली, तर 42° से. तापमानात हवेची घनता दर घनमीटरला सुमारे 1.06 किग्रॅ. येते, समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ती 1.225 असते. तितकेच वजन पेलायला 350 फेऱ्यांचा रोटर येथे मेच्या दुपारी सुमारे 376 फेरे घेईल, डिसेंबरच्या पहाटे 16° ला सुमारे 361. हवेने पडणारा पीळ जवळपास तेवढाच राहतो, कारण घनता घटते तसे फेरे वाढतात. केंद्रोत्सारी ताण मात्र मेच्या दुपारी प्रमाण हवेपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी जास्त असतो आणि तो पाते सपाट करू पाहतो. फेरे जास्त दिसतात म्हणून उन्हाळ्यात बसवणकोन वाढवला, तर थंडीत रोटरला सुरुवातीची गती घेणे जड जाते.