सतराचा आकडा आणि बाविसाचा: इंग्रजीतल्या अक्षरमोजणीच्या कवितेची पार्श्वभूमी

मुंबईत इंग्रजीतून कविता लिहू लागलेल्या मराठी मुलामुलींची ठरावीक रचनाप्रकाराशी पहिली गाठ बहुधा हायकू या तीन ओळींच्या जपानी कवितेच्या रूपाने पडते. पाच, सात, पाच. बोटांवर सतरा सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, भरले की कविता झाली, अशी समजूत. पुढे कुणी पाच ओळींचा सिंकेन लिहितं, कुणी सिजो हा कोरियन प्रकार करून बघतं. यातला जवळजवळ प्रत्येक प्रकार इंग्रजीने बाहेरून आणलेला आहे. तो आणताना आकडा तेवढा आला आणि ज्याची मोजणी होत होती ती चीज बऱ्याचदा मूळ देशातच राहिली. या कवितेचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

मराठी वाचकाला हा गुंता चटकन कळतो, कारण मोजायचं काय याचा विचार आपल्याकडे आधीच नीट झालेला आहे. माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'त पद्याचे तीन वर्ग आहेत: अक्षरं मोजतात तो छंद, मात्रा मोजतात ती जाती, आणि लघुगुरूंचा क्रम बांधलेला असतो ते वृत्त. याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी.लिट. दिली. अभंग आणि ओवी छंदात येतात. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' हे मोजून पाहा: 'सुंदर ते ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. एकूण बावीस. चार चरणांचा हा मोठ्या अभंगाचा एक चौक. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड पडतो. बोलताना आपण 'सुंदर' दोन झटक्यांत उरकतो, पण अभंगात 'र' पूर्ण म्हटला जातो आणि मोजलाही जातो. टाळ हातात असल्यावर एखादं अक्षर कमी पडलं तर ते मोजावं लागत नाही, आपोआप समजतं.

इंग्रजीत तसं समजत नाही. इंग्रज कान आघात, म्हणजे शब्दात जिथे जोर पडतो ती जागा, ऐकतो. दोन आघातांच्या मधली अक्षरं तो चेपून, गिळून टाकतो. चौदाव्या शतकात चॉसरने फ्रेंच आणि इटालियन नमुन्यांवरून दहा सिलॅबलची ओळ घेतली, तेव्हाच तिच्यात पाच आघातांची चाल शिरली. पुढे सोळाव्या शतकात इटालियन सॉनेट आलं तेव्हा अकराची ओळ दहाची झाली आणि तीही आघातांवर चालू लागली. हेच सॉनेट १८९० च्या दशकात केशवसुतांनी मराठीत आणलं. आपल्याकडची सुनीतं बहुतेक शार्दूलविक्रीडितात, म्हणजे ओळीला एकोणीस अक्षरं. अकरा, दहा, एकोणीस असा हा प्रवास. चौदा ओळी टिकल्या, बाकी जो तो आपल्या कानाप्रमाणे वागला. तेव्हा उसनवारीत मोडतोड होते म्हणून इंग्रजीलाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आघात बाजूला ठेवून निव्वळ सिलॅबल मोजायचे, हा इंग्रजीतला हट्ट मात्र विसाव्या शतकातला. रॉबर्ट ब्रिजेस १९१३ मध्ये ब्रिटनचे राजकवी झाले. मिल्टनच्या छंदाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता आणि १९२९ मधलं त्यांचं शेवटचं दीर्घकाव्य बारा-बारा सिलॅबलच्या ओळींत आहे. त्यांची मुलगी एलिझाबेथ डॅर्यूश हिने तोच प्रयोग छोट्या कवितांत नेला, आणि माझ्या मते वडिलांपेक्षा जास्त चोखपणे.

पण खरी गंमत अमेरिकेत कवयित्री मेरिअन मूर यांनी केली. माशांवरच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेचं कडवं पाच ओळींचं आहे: १, ३, ९, ६, ८. कवितेचं शीर्षक हाच पहिल्या वाक्याचा कर्ता, आणि पहिली ओळ म्हणजे एकच सिलॅबल. पुढे एका ठिकाणी 'ॲक्सिडेंट' हा शब्द चक्क तोडलाय. 'ॲक्' एवढीच एक ओळ, उरलेलं 'सिडेंट' खालच्या ओळीत, आणि त्या तुटक्या 'ॲक्'चं यमक 'लॅक'शी. कविता मोठ्याने वाचली तर ही मोजणी कानाला जाणवत नाही, छापील पानावरच ती दिसते. एका कडव्याचा सांगाडा मनाला येईल तसा ठरवायचा आणि पुढची सगळी कडवी त्यावर इमानेइतबारे बेतायची, ही त्यांची पद्धत. आपले संत याला छंद म्हणाले असते का, शंका आहे.

डिलन टॉमस यांचं वेगळं. ते वेल्सचे, पण वेल्श भाषा त्यांना येत नव्हती. वेल्शमधला एंग्लिन हा प्रकार तीस सिलॅबलचा (१०, ६, ७, ७) आणि त्यात व्यंजनांच्या जुळणीचे कडक नियम. टॉमस यांनी ते नियम उचलले नाहीत. मोजणीचा काटेकोरपणा आणि नादाची हाव मात्र त्यांच्यात पुरेपूर दिसते. लहानपणच्या शेतघरावरच्या त्यांच्या कवितेत प्रत्येक कडव्याच्या पहिल्या दोन ओळी चौदा-चौदाच्या आहेत. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. इंग्रज कवी थॉम गन तर उघडच म्हणायचे की सिलॅबल मोजणं ही त्यांच्यासाठी मुक्तछंदाकडे जायची पायरी होती.

आता जपान. हायकू हे नाव मासाओका शिकी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केलं. या प्रकारातला सर्वांत नावाजलेला कवी बाशो त्यांच्या दोनशे वर्षं आधीचा. जपानीत मोजतात ते 'ओन', आणि ते आपल्या मात्रेच्या अगदी जवळचं आहे. दीर्घ स्वराचे दोन, शब्दात मध्येच अडखळणाऱ्या व्यंजनाचा एक, शेवटच्या 'न'चाही एक. म्हणून 'निप्पोन' चार आणि 'तोक्यो'सुद्धा चार, कारण तिथले दोन्ही 'ओ' लांब आहेत. लघुगुरू जाणणाऱ्याने दोन गुरू धरून हिशोब केला तर उत्तर तेच येतं. म्हणजे माधव जूलियनांच्या भाषेत सांगायचं तर हायकू ही जाती, आणि इंग्रजीने तिला छंद समजून घरात घेतलं. सतरा ओन म्हणजे फार थोडा ऐवज. इंग्रजी सतरा सिलॅबलमध्ये त्याहून बरंच जास्त मावतं. म्हणून इंग्रजी हायकू पुष्कळदा भरताड वाटतो. आर. एच. ब्लाइद यांचे हायकूवरचे चार खंड (१९४९ ते १९५२) आणि हॅरल्ड हेंडरसन यांचं १९५८ चं पुस्तक यांनंतर अमेरिकेत हायकूची लाट आली, आणि तिथल्या जाणत्या हायकूकारांनी सतराचा आग्रह लवकरच सोडला. शाळांनी तो अजून सोडलेला नाही.

अमेरिकन कवयित्री ॲडलेड क्रॅप्सी हिने नक्कल न करता नवा घाट घडवला. इंग्रजी छंदांचा तिचा शास्त्रीय अभ्यास होता. हायकू आणि तांका हा पाच ओळींचा जपानी प्रकार वाचून तिने पाच ओळींचा सिंकेन रचला: २, ४, ६, ८, २. ओळी वाढत जातात आणि शेवटी एकदम कापल्या जातात. १९१४ मध्ये क्षयाने ती गेली तेव्हा छत्तिशीत होती. कविता पुस्तकरूपाने आल्या त्या पुढच्या वर्षी. बेरीज केलीत? बावीस. मोठ्या अभंगाच्या चौकाइतकेच, आणि शेवटची ओळ आखूड. तिचा अभंगाशी काही संबंध नव्हता, हा निव्वळ योगायोग. पण मजेदार.

इकडे अभंग इंग्रजीत गेला तो आकडा मागे ठेवून. मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी १९१९ मध्ये संतांचे १०८ अभंग इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यात चर्चमधल्या स्तोत्रांसारखी आठ-सहा, आठ-सहाची यमकबद्ध कडवी भेटतात. दिलीप चित्रे यांनी १९९१ मध्ये तुकोबा मुक्तछंदात आणले. तुकोबा इंग्रजीत खरा बोलायला लागला तो इथे, हे मान्य. पण सहा-सहा-सहा-चार तिथेही नाही. बेने इस्रायल ही मराठी बोलणारी बिरादरी. तिच्यातले निसिम इझिकेल मुंबईच्या इंग्रजी कवितेचे वडीलधारे, आणि त्यांची सुरुवातीची कविता इंग्रजी आघातांच्या वृत्तात. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. त्यातही सतराचा हिशोब नाही: तीन ओळी, त्यांतल्या दोहोंना यमक, आणि एक निसटता क्षण. अक्षरं मोजायची हजार वर्षांची सवय असलेल्या भाषेने हायकू घेताना मोजणीच सोडून दिली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अभंगाचा चौक इंग्रजीत बसत नाही असं मात्र नाही. मी बसवलेला एक साधासा:

द लास्ट ट्रेन टू विरार
इज हाफ एम्प्टी टुनाइट,
वन मॅन स्लीप्स इन द लाइट
पास्ट हिज स्टेशन.

सहा, सहा, सहा, चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. इंग्रज वाचक यात आघात ऐकेल: तीन, तीन, तीन, दोन. मुंबईकर मात्र अक्षरं ऐकेल. भारतीय इंग्रजीची लय सिलॅबलवर चालणारी आहे असं भाषातज्ज्ञ फार पूर्वीपासून सांगत आलेत. आपण अक्षरं फारशी गिळत नाही. 'फायर' आपल्याकडे बिनदिक्कत दोन, तिकडे एक की दोन यावर वाद. 'पोएम'चं तेच. मूर यांच्या वाचकाला जी मोजणी पानावर शोधावी लागते, ती दादर-अंधेरीच्या इंग्रजीत कानाला लागू शकते. मग इथल्या लिहिणाऱ्यांनी 'फायर' एक धरावा की दोन? परदेशी संपादकाकडे कविता पाठवायची असेल तर शब्दकोशाप्रमाणे, नाहीतर तोंडाला येईल तसं. मी दोन धरतो.