क्रॉसओव्हरसाठी टर्नआउट: नंबर पाहावा की त्रिज्या?

भुसावळच्या यार्डावरून बेतलेला मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये, उभारायचा तर अप आणि डाउन मार्गांना जोडणारे क्रॉसओव्हर टाळता येत नाहीत. आणि त्यांच्यासाठी टर्नआउट, म्हणजे एका मार्गातून दुसरा फोडणारा सांधा, निवडताना ‘नंबर 6’ व ‘मोठ्या त्रिज्येचा’ ही दोन वर्णने पुष्कळदा एकाच अर्थाची समजली जातात. वास्तविक ती दोन निराळी मापे आहेत.

नंबर कोन सांगतो. वळता रूळ मुख्य रुळाला छेदतो त्या ठिकाणापासून, म्हणजे फ्रॉगपासून, सहा सेंटिमीटर पुढे गेल्यावर दोहोंत एक सेंटिमीटरचे अंतर पडत असेल, तर तो टर्नआउट नंबर 6 होय. त्याचा कोन सुमारे साडेनऊ अंश असतो, तर नंबर 4 चा सव्वाचौदा. भारतीय रेल्वेची ‘एकास साडेआठ’ आणि ‘एकास बारा’ ही मापे याच जातीची आहेत. त्रिज्या मात्र केवळ वळणाचा बाक किती तीव्र आहे हे सांगते, आणि तेवढ्यावरून कोन कळत नाही. मॉडेल रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतले लहान, मध्यम आणि मोठे टर्नआउट अनुक्रमे सुमारे 610, 914 आणि 1524 मिलिमीटर त्रिज्येचे असले, तरी तिन्हींचा कोन 12 अंशच आहे. म्हणजे नावाने ‘मोठा’ असलेला टर्नआउट नंबराच्या भाषेत पावणेपाचच्या आसपासच राहतो. याचा एक फायदाही आहे: कोन समान असल्यामुळे एका टोकाला मध्यम आणि दुसऱ्या टोकाला मोठा बसवला तरी दोन्ही मार्ग समांतर राहतात. नंबर 4 ला नंबर 6 जोडून तसे साधत नाही.

क्रॉसओव्हरमध्ये हा फरक जाणवण्याचे कारण असे की, गाडी एका बाजूला वळते आणि लगेच उलट बाजूला वळते. आयसीएफ या भारतीय प्रवासी डब्याचा सांगाडा 21.3 मीटरचा, म्हणजे एचओमध्ये सुमारे 245 मिलिमीटर भरतो. असे दोन डबे उलटसुलट वळणात सापडले की त्यांची समोरासमोरची टोके विरुद्ध दिशांना सरकतात, कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, आडवा ओढला जातो आणि हलक्या डब्याचे चाक रुळावरून उचलले जाते. दोन वळणांच्या मध्ये सरळ तुकडा असेल तर हा ताण पुष्कळ निवळतो. नंबरच्या टर्नआउटमध्ये वळण सहसा फ्रॉगच्या आधी संपते. त्यामुळे दोन मार्गांच्या मध्यरेषांत दोन इंचांचे अंतर ठेवल्यास नंबर 6 च्या दोन फ्रॉगमध्ये दहा सेंटिमीटरांहून थोडा अधिक सरळ मार्ग मिळतो, नंबर 4 मध्ये सातच्या आसपास. याउलट ॲटलस कंपनीच्या स्नॅप-स्विचसारख्या, 18 इंच त्रिज्येचे वळण पुढेही चालू ठेवणाऱ्या टर्नआउटांची जोडी लावली, तर एक वळण जवळजवळ दुसऱ्यालाच भिडते. घरातल्या वर्तुळाकार मार्गातून फाटा काढण्यासाठी तो उत्तम. क्रॉसओव्हरसाठी मी तो सुचवणार नाही.

मार्गांतील अंतरही आधी ठरवावे. जुन्या दुहेरी ब्रॉडगेज मार्गावरचे 4.265 मीटर हे किमान अंतर एचओमध्ये 49 मिलिमीटर होते, म्हणजे दोन इंचांना अगदी जवळचे. पेकोच्याच सेटट्रॅक मालिकेतले 67 मिलिमीटर त्या मानाने ऐसपैस दिसतात, शिवाय त्यातल्या टर्नआउटचा कोन साडेबावीस अंशांचा आहे.

जळगाव–भुसावळसारख्या मुख्य मार्गावर, जिथे लांब डब्यांच्या गाड्या धावत्या वेगात मार्ग बदलताना दाखवायच्या असतात, तिथे माझ्या मते नंबर 6 पेक्षा कमी घेऊ नये, आणि फळीवर लांबी शिल्लक असेल तर नंबर 8 घ्यावा. खऱ्याखुऱ्या एकास बाराचा हट्ट बहुतेक घरांतल्या जागेला झेपणारा नाही. यार्डात, जिथे शंटिंगचे इंजिन आखूड, उघड्या बॉक्सएन वाघिणी सावकाश हलवते, तिथे नंबर 4 किंवा पेकोचा मध्यम पुरेसा ठरतो. फ्रॉगला वीज जाणारे टर्नआउट घेतल्यास दोन्ही फ्रॉगच्या मधल्या दोन्ही रुळांवर इन्सुलेटेड जॉइनर, म्हणजे वीज पुढे न जाऊ देणारे रूळजोड, बसवावेत, आणि सांधे बदलणाऱ्या दोन्ही मोटरी एकाच बटणावर जोडाव्यात, म्हणजे एक सांधा बदलला आणि दुसरा तसाच राहिला असे होणार नाही.